माळ्यावरचं सामान, पावसाची ओल आणि घराची सजावट

गुहागरच्या पुढच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. मुंबईचं भाड्याचं घर सोडून त्या सासरच्या जुन्या घरात राहायला आल्या आहेत. पुढचा भाग कौलारू, मागे नंतर वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई. माळ्यावर फणसाचे पाट, एक पेटारा, साड्यांची बोचकी आणि तांब्याचं घंगाळ आहे, परसात उतरवलेल्या कौलांची रास आहे. व्हिडिओ बघून ओटीवर चिकटवायचा वॉलपेपर लावला, तो पहिल्याच पावसात सुटून आला. आता आहे त्याच सामानातून, घरच्या घरी, कमी खर्चात काय करता येईल, सुरुवात कुठून करावी आणि घंगाळाला भोक पाडून त्याचं बेसिन केलं तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, वॉलपेपर सुटला त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यातली जुनी घरं डागडुजी करून राहती करायची, हा माझा धंदा. व्हिडिओवाले ज्या घरात राहतात तिथे चार महिने असा पाऊस कोसळत नाही, की खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजत नाहीत. इथे कुठलीही वस्तू करायला घेताना एकच विचारायचं: हिच्या मागून आणि खालून हवा जाते का? जात असेल तर ती वस्तू टिकते. नसेल तर कितीही देखणी असो, श्रावण संपेपर्यंत तिच्यावर बुरशी येते.

भिंतीचं आधी निदान करून घ्या, सजावट नंतर. फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा ओलसर वाटणाऱ्या जागी चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे, म्हणजे खिडकी उघडी ठेवायला हवी, ओले कपडे त्या खोलीतून हलवायला हवेत. पाणी भिंतीतून येत असेल तर घराला बाहेरून एक फेरी मारा. बहुतेक ठिकाणी परसातली माती वर्षानुवर्षं साचत आतल्या जमिनीपेक्षा वर चढलेली असते, पागोळ्या थेट जोत्यावर पडत असतात, नाहीतर नळाचं पाणी तिथेच मुरत असतं. ती माती खणून खाली उतरवणं आणि पागोळीचं पाणी चर काढून लांब नेणं, हे काम फुकटातलं आहे आणि कुठल्याही रंगापेक्षा जास्त उपयोगाचं.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवला की आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. मग रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात, भिंतीला लोणा लागतो. तुमचा वॉलपेपर म्हणजे त्याच जातीचं आणखी एक झाकण. जुन्या माणसांनी चुना वापरला तो काही नुसता स्वस्त म्हणून नाही. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि चुना अल्कधर्मी असल्याने बुरशी त्याच्यावर सहज धरत नाही. खाड्यांच्या काठी शिंपल्या भाजून चुना करायचे, हे सासूबाईंना आठवत असेल.

चुना घरी देणं सोपं आहे, फक्त सावधपणे करायला हवं. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, म्हणून पातळ प्लास्टिकची बादली नको, लोखंडी पिंप किंवा घमेलं घ्या. मुलांना त्या दिवशी परसात फिरकू देऊ नका. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात उडालेला चुना म्हणजे गंमत नाही. भिजवलेला चुना काही दिवस पाण्याखाली मुरू द्या, मग फडक्यातून गाळा आणि दुधाइतका पातळ करून त्यात थोडं डिंकाचं पाणी घाला. बरेच जण मीठ घालायला सांगतात. समुद्राकाठी मी घालत नाही, मीठ हवेतली ओल ओढतं. भिंतीवरचा जुना डिस्टेंपर किंवा ऑइल पेंट आधी खरवडून काढावाच लागतो, त्याच्यावर चुना बसत नाही. भिंत पाण्याने ओली करून पातळ तीन हात द्या. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही, पाणीच फासल्यासारखं वाटतं. घाबरून जाड थर देऊ नका, वाळेल तसा तो पांढरा होत जातो. रंग हवा असेल तर गेरू, काव, पिवळी माती असे मातीचेच रंग चुन्यात टिकतात. मुलांचे पोस्टर कलर टाकले तर ते उडून जातात. जमिनीपासून दोन-अडीच फुटांचा पट्टा कावेचा करा. पावसात लाल चिखलाचे शिंतोडे आणि पोरांचे हात त्यात खपून जातात, आणि वरचा पांढरा रंग उठून दिसतो. आपल्या सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या देवळांतली कावीची चित्रं याच दोन रंगांवर उभी आहेत.

चुन्याची एक अडचण आहे, पाठ टेकली की कपड्याला लागतो. त्यासाठी बाकड्यामागे बांबूची चटई लावा, पण भिंतीला चिकटवून नाही. एक इंच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या आधी भिंतीवर मारा आणि चटई त्या पट्ट्यांवर ठोका. मागून हवा खेळते, पाठीलाही गार वाटतं. स्लॅबच्या खोल्यांतल्या पलंगामागेही हेच करता येईल.

आता लाकूड. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला हा भाग वाचून मला तुमचा हेवा वाटला. लोक आज लॅमिनेट लावलेले एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, शेल्फ मागवतात. कडेने पाणी शिरलं की एमडीएफ फुगतो आणि पुन्हा बसत नाही. नवीन प्लाय घ्यायचीच वेळ आली तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय मागा, नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात त्यावर जाऊ नका. पण माळ्यावर फणसाचे पाट असताना प्लाय घ्यायची गरजच काय? फणसाचं लाकूड नवं असताना पिवळं असतं आणि वयाबरोबर काळपट तांबूस होत जातं. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सागवान, शिवण यांचंही तेच. आंब्याच्या फळ्या मात्र वेगळ्या काढा. ते लाकूड मऊ, त्यात कीड लवकर शिरते. उलटी करून ठोकल्यावर फळीतून पिठासारखा भुसा पडला तर ती घरात आणूच नका.

पाट स्वच्छ करायच्या आधी बघा, त्याच्यावर रंग आहे का. जुन्या पाटांना, दारांना, पाळण्यांना लाल-हिरवा ऑइल पेंट दिलेला असतो. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की ती धूळ मुलांच्या पोटात जाते. म्हणून तो पाणी लावून, घराबाहेर घासा, खाली जुनं प्लास्टिक अंथरा आणि निघालेला लगदा गुंडाळून टाकून द्या, अळवात ओतू नका. रंग नसेल तर काम सोपं: रिठ्याच्या पाण्याने धुवा, सावलीत चांगलं वाळू द्या, आधी १२० नंबरचा आणि मग २२० नंबरचा पेपर रेषांच्या दिशेने फिरवा.

त्यावर खोबरेल लावू नका. आपल्याकडे हात आपोआप खोबरेलाकडे जातो, पण ते कधीच वाळत नाही. चिकट राहतं, धूळ धरतं आणि पुढे खवट वास मारतं. हार्डवेअरच्या दुकानात अळशीचं उकळलेलं तेल मिळतं, त्याला बेलतेल म्हणतात. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन असा द्या. पंधरा-वीस मिनिटांनी जे लाकडाने प्यायलं नाही ते पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी नुसत्या तेलाचा हात. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या असतातच, म्हणजे भिंतीपासून अंतर ठेवायची सोय आयती. पट्ट्या भिंतीकडे करून पाट उभा लावला, पुढच्या बाजूला पितळी आकडे मारले, की दप्तरं, छत्र्या आणि किल्ल्यांची जागा झाली. आकडे मुलांच्या खांद्याच्या उंचीवर मारा, नाहीतर दप्तर जमिनीवरच राहणार. दुसऱ्या एका अरुंद फळीवर मुलांची उंची नोंदवायला सुरुवात करा. भिंतीवर नोंदवली तर पुढच्या दिवाळीच्या चुन्यात जाते.

चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हातोडा-मोड बंद ठेवा, चिरा भुरभुरतो. भोक चिऱ्याच्या मधोमध घ्या. सांध्यात मातीच असते आणि तिथे काही धरत नाही. प्लग नेहमीपेक्षा लांब वापरा. जुन्या भिंतीत लाकडी खुंट्या असतील तर त्यांचाच आधार घ्या, त्या तुमच्या-माझ्या ड्रिलपेक्षा भक्कम बसवलेल्या असतात. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. समुद्र अगदी समोर असेल तर स्टेनलेसमध्येही ३१६ ग्रेड मागा, ३०४वरसुद्धा खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात.

पेटाऱ्याचं बाकडं करा, वर गादी टाका, आत पांघरुणं. पण त्याआधी दोन कामं. त्याचं झाकण जड असतं आणि मुलं लपाछपीत आत शिरतात. म्हणून बाहेरची कडी-कोयंडा काढून टाका, मागच्या फळीला हवेसाठी चार-सहा भोकं पाडा आणि झाकण जागेवर धरून ठेवणारा स्टे बसवा. दुसरं, पेटारा थेट जमिनीवर ठेवू नका, खाली चार ठोकळे द्या. वाळवी खालून येते, आणि ठोकळ्यांमुळे तिची मातीची नळी वेळीच दिसते. आत डांबराच्या गोळ्याही नकोत, लहान मुलं त्या गोळ्या तोंडात घालतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवला आणि ऊन पडेल तेव्हा पांघरुणं बाहेर काढली तरी पुरतं.

साड्यांत आधी सुती आणि सिंथेटिक वेगळ्या करा. एका नेहमीच्या साडेपाच मीटरच्या सुती साडीत दाराचे दोन पडदे होतात: सव्वादोन मीटरचे दोन तुकडे, आणि उरलेल्या मीटरभरात पदर आला तर उशांचे दोन अभ्रे. काठ पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभे येतात. वरची कड दुहेरी दुमडून शिवा, रिंगांचा भार तिथेच पेलतो.

वाकळ मात्र सासूबाईंवर सोपवा. त्यांना येत असेल तर त्यांच्यासमोर सूचना करायची हिंमत मी करणार नाही, फक्त थरांबद्दल एक बोलते. घाटावरच्या गोधड्या जाड असतात, तिथे थंडीही तशी आणि ऊनही. आपल्याकडे तीन, फार तर चार थर. त्याहून जाड वाकळ जुलैत ओली झाली तर दिवाळीपर्यंत वाळत नाही आणि तिचा वास घरभर फिरतो. थर अंथरून आधी लांब कच्चे टाके घाला म्हणजे कापड सरकत नाही. मग बोटभर अंतराने धावदोरा. आतल्या थराला मुलांचे झिजलेले फ्रॉक आणि बाह्या चालतात, पण नायलॉनचं काही नको. धुतल्यावर सुती आटतं आणि ते आटत नाही, मग मध्येच फुगवटे येतात. मुलांना एकेक ओळ घालायला द्या, वाकडी आली तरी उसवू नका.

कौलांची रास बहुतेक ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर किंवा २०२१च्या तौक्तेनंतर उतरवलेली असावी. त्या दोन वादळांनंतर कितीतरी घरांवर पत्रे चढले. व्हिडिओत कौलांचे दिवे, कुंड्या, घड्याळं बघून हात शिवशिवत असतील, तरी आधी थांबा. पुढच्या भागावर अजून कौलंच आहेत आणि माकडं काही तुमची सजावट बघून थांबणार नाहीत. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, म्हणून छपराच्या जातीची चांगली कौलं आधी बाजूला रचून ठेवा. चांगलं कसं ओळखायचं? बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर अखंड, बद्द वाजलं तर तडा. बद्द वाजणारी आणि फुटकी तेवढी कामाला घ्या: अळवाच्या नाहीतर तुळशीच्या भोवती उभी गाडून कडा करा, पागोळीच्या चरात पालथी घाला म्हणजे माती वाहून जाणार नाही. पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं एखादं कौल सापडलं तर ते जपा. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली या कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती गलबतांनी किनाऱ्यावर पसरली. तशा एका कौलावर मुलांना चित्र काढून द्यायचं असेल तर नाव असलेली बाजू सोडून द्या. ओटी अंधारी असेल तर एक-दोन कौलांच्या जागी काचेचं कौल बसवून घ्या, मात्र ते काम छपरावर चढायची सवय असलेल्या माणसाकडून. शेवाळलेल्या कौलांवर तुम्ही चढू नका.

व्हिडिओतल्या काही गोष्टी मी सरळ नाही म्हणते. लाकडी पॅलेटचं, म्हणजे मालाखाली ठेवायच्या चौकटींचं, फर्निचर त्यातलं पहिलं. पॅलेटवर एचटी शिक्का असेल तर ते नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं असतं, एमबी असेल तर विषारी वायू दिलेला, तो घरात नकोच. आणि एचटी असलं तरी ते बहुधा पाइनचं लाकूड, वाळवीला मेजवानी. मासेमारीची जुनी जाळी ओटीवर शोभेला लावतात, तीही नको. परसात दोडक्याच्या मांडवाला लावली तर त्यात साप अडकून मरतात, ओटीवर लावली तर धूळ. टायरच्या कुंड्यांत पाणी साचतं आणि डासांची सोय होते. रोवळी, म्हणजे तांदूळ धुवायची टोपली, उलटी टांगून दिव्याची शेड करायला मात्र हरकत नाही, छान सावल्या पडतात. आत पाच-सात वॉटचा एलईडीच हवा, जुना पिवळा बल्ब नको, रोवळीला तो तापवतो.

तुमच्या घराला सगळ्यात उपयोगी पडेल अशी एकच वस्तू सांगायची तर तीन पाखांची घडीची चौकट. पाच फूट उंच, दोन फूट रुंद अशा तीन चौकटी, जुन्या दाराच्या किंवा फणसाच्या पट्ट्यांच्या, पितळी बिजागऱ्यांनी जोडलेल्या. प्रत्येक चौकटीत चार आडव्या बांबूच्या काठ्या. पावसात ती पडवीत उभी केली की कपडे वाळतात, कारण तिन्ही बाजूंनी वारा लागतो. परीक्षेच्या दिवसांत तीच मुलाच्या टेबलामागे आडोसा होते. गणपतीत तीच मखर: सासूबाईंची काठापदराची साडी निऱ्या घालून काठ्यांवर सोडा आणि मागे नाड्यांनी बांधा. खिळे आणि पिना नको, साडी पुन्हा नेसता आली पाहिजे. थर्माकोलच्या मखराला २०१८पासून राज्यात बंदी आहे आणि खरंच, त्याची आठवणही कुणाला येणार नाही. वर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधत असाल तर तिचा भार चौकटीवर टाकू नका, तुळईलाच बांधा. नारळ-सुपारीचे घोस दिसतात त्याहून जड असतात. निरांजन कापडापासून निदान दोन फूट पुढे, आणि दिव्यांच्या माळेची जोडणी साडीच्या मागे लपवायची नाही.

राहिलं घंगाळ. भोक पाडू नका. बेसिनच्या वापरात साबण आणि खारट हवा यांनी तांबं सतत काळं-हिरवं पडतं, घासून घासून तुम्ही कंटाळाल. भोक पाडलेलं घंगाळ विकायला काढलं तर भंगाराच्या भावात जातं, अखंड असेल तर जुन्या भांड्यांचा व्यापारी त्याला वेगळी किंमत देतो. सारात वापरून झालेली आमसुलं टाकू नका, त्यांनीच चोळून काढा, लगेच साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. मग ओटीवर झोपाळ्याशेजारी ठेवून त्यात मुलांचे चेंडू, भोवरे आणि सासूबाईंची वाकळीची कापडं टाका. तळाला एखादं फडकं अंथरलंत तर भोवऱ्यांच्या आऱ्यांनी चरे पडणार नाहीत.